तळ्याकडे निघालो, स्वयंपाकघरात पोचलो

(यंदाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाने मला विषय दिला 'गणेशोत्सव आणि पर्यावरण'. वेळ दिली पंचवीस मिनिटं. वर आपल्या सेक्रेटरींनी बजावलं, "काका, आकडे सांगा, पण रडगाणं नको. लोक बंगळूरच्या ट्रॅफिकमधून दमून आलेले असतात." माझं सगळं आयुष्य लेथ मशीन आणि ड्रॉइंग यांत गेलं. पर्यावरण हा काही माझा प्रांत नव्हे. म्हणून ओळीने तीन रविवार कॉम्प्युटरसमोर बसून इंटरनेटवर माहिती शोधली.

इंटरनेटवर शोधणं म्हणजे पुण्यात गणपती पाहायला बाहेर पडणं. निघायचं मानाच्या पाच गणपतींच्या दर्शनाला. वाटेत भेळ लागते, मग उसाचा रस, मग कुणीतरी सांगतं की पलीकडच्या बोळात मिसळ फर्मास मिळते. रात्री बाराला घरी यावं तर गणपती झालेले दोन आणि पोट भरलेलं पाचांचं! इथेही तसंच. टाइप करायचो 'तळ्यांचं प्रदूषण', आणि अर्ध्या तासाने वाचत असायचो की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने केळं हे 'बेरी' आहे आणि स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही. आमच्या सौ. मागून डोकावून म्हणाल्या, "अहो, भाषण तळ्यावर आहे की फ्रूट सॅलडवर?"

प्रश्न रास्त होता. आजचं माझं बोलणं म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

आता पाहा, आपल्या उपवासाच्या खिचडीबद्दल मी काय वाचलं. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून करतात तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटाही तिथलाच. हिरवी मिरची अमेरिका खंडातूनच आलेली. शेजारच्या वाटीतलं रताळं आणि राजगिऱ्याचा लाडू, तेही तिकडचेच. म्हणजे चतुर्थीला आपण जे अगदी सोवळ्यातलं म्हणून खातो, त्या ताटात तूप तेवढं नक्की घरचं. बाकी सगळं कोलंबसानंतर बोटीने आलेलं! आणि आज हा साबुदाणा होतो कुठे? इथून दोनशे किलोमीटरवर, तामिळनाडूतल्या सेलमला. त्याला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

बघा, आता सगळे हसलात. आज रात्री तुमच्यातले निम्मे लोक ही खिचडीची गोष्ट नागपूरच्या मावशीला फोनवर सांगणार. पण मी जर म्हटलं असतं, की स्वच्छ तळ्याच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम, तर ते कुणी मावशीला सांगितलं असतं का? माणसाला पोटातली गोष्ट लक्षात राहते, तळ्यातली राहत नाही. त्यात वावगं काही नाही. मग मी ठरवलं, की पोटाच्या वाटेनेच जाऊ. मात्र हातात एक चाळणी ठेवू. खाण्याची जी माहिती मला फिरून तळ्याच्या काठी आणून सोडते ती ठेवायची. जी नुसतीच गंमत आहे ती चिवड्यासारखी खाऊन हात झटकायचे.

या चाळणीतून काय काय पडून गेलं त्याचा एक नमुना सांगतो, कारण तो तुम्हीही ऐकला असेल. एक कप कॉफीमागे साधारण १३० लिटर पाणी लागतं आणि चहाच्या कपामागे ३०-एक लिटर. पदार्थामागे दडलेलं पाणी मोजण्याची ही पद्धत हॉलंडमधले प्राध्यापक हुक्स्ट्रा यांनी २००२ साली मांडली. आकडा खरा आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या नळांना पाणी नव्हतं तेव्हा तर हा आकडा फार जणांना टोचला असेल. पण हे १३० लिटर म्हणजे मुख्यतः कोडगू-चिक्कमगळूरच्या डोंगरांवर कॉफीच्या मळ्यात पडलेला पाऊस. आपल्या नळाला येतं ते कावेरीचं पाणी, शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणलेलं. आपण कॉफी सोडून चहा घेतला म्हणून इथल्या नळाला थेंबभरही जास्त पाणी येणार नाही. तेव्हा माहिती खरी, पण आपल्या कामाची नाही. फिल्टर कॉफी खुशाल घ्या!

आता चाळणीत काय राहिलं ते पाहू.

पहिली गोष्ट मूर्तीची. मी शोधत होतो की प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात का विरघळत नाही. जिप्सम नावाचा खनिज दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजला, की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पांढरी पूड राहते, ती म्हणजे पीओपी. तिच्यात पाणी घातलं की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. आणि जिप्सम लिटरभर पाण्यात विरघळतं जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, तेही सावकाश. पाच किलोची मूर्ती पुरती विरघळायला दोन हजार लिटर पाणी हवं. बादलीत ती तशीच राहणार यात नवल काय?

एवढं वाचून पुढे जावं, तर वाट पुन्हा फुटली. हेच जिप्सम चीनमध्ये शतकानुशतकं टोफू करायला वापरतात! आपण जसं दूध लिंबाने फाडून पनीर करतो, तसं ते सोयाबीनचं दूध जिप्समने फाडतात. खाण्यात चालणाऱ्या घटकांमध्ये त्याला ५१६ असा रीतसर क्रमांक आहे. मी थबकलोच. आजवर आपण ऐकत आलो की पीओपी म्हणजे विष. आणि इकडे लोक ते आवडीने खातायत! मग खरं काय?

खरं असं, की हा पदार्थ स्वतः विष नाही. विष आहे त्याच्या अंगावरचा रंग. आणि अपाय आहे तो प्रमाणाचा आणि जागेचा. शेकडो मूर्ती एका तळ्यात गेल्या की तळाशी त्यांचा थर बसतो. शिवाय जिप्सममध्ये गंधक असतं. तळाच्या गाळात प्राणवायू उरला नाही, की तिथले जिवाणू त्याच गंधकापासून सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू तयार करतात. म्हणजे 'पीओपी विषारी' एवढंच घोकून आपल्याला अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं टोफूने शिकवलं.

दुसरी गोष्ट नानकटाईची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या एनसीएलने, पीओपीची मूर्ती घरीच विरघळवण्याची रीत काढली. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं, त्यात मूर्ती ठेवायची, मधूनमधून ढवळायचं. साधारण दोन दिवसांत मूर्तीचा चुरा होतो. खाली बसतो तो खडू, आणि वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी. अमोनियम सल्फेट म्हणजे शेतातलं नेहमीचं खत. पुणे महापालिकेने ही पावडर नागरिकांना फुकट वाटलीही. मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर लागते, हे मी समीकरण मांडून पडताळून पाहिलं. जुळतं.

आता ही पावडर असते कुठे, म्हणून शोधलं तर थेट बेकरीत पोचलो. बेकरीवाले जिला नुसतं 'अमोनिया' म्हणतात ती हीच. पातळ बिस्किटं, काही ठिकाणी नानकटाई, हिनेच खुसखुशीत होतात. केकमध्ये मात्र घालत नाहीत. कारण तिचा वायू बाहेर पडून जायला पदार्थ पातळ हवा. जाड केकमध्ये तो अडकतो आणि केकला वास येतो. युरोपात पूर्वी ही पावडर हरणाची शिंगं भाजून काढायचे, हीसुद्धा माहिती मिळाली. ती तुम्ही चाळणीतून सोडून द्या. पण बेकरीतला नियम लक्षात ठेवा, कारण तोच मूर्तीलाही लागू आहे. हा वायू नाकाडोळ्यांना झोंबतो. तेव्हा बादली ठेवायची ती गच्चीत किंवा मोकळ्या अंगणात, बंद बाथरूममध्ये नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या मंडळाची मूर्ती मातीची असते, कर्नाटकात २०१६ पासून पीओपीवर बंदी आहे, केंद्रीय प्रदूषण मंडळानेही मे २०२० मध्ये तशाच सूचना काढल्या, मग हे कशाला? याचं कारण, घराघरातल्या मूर्ती. हौसेने गावाहून, डिकीत घालून आणलेल्या मूर्तींत एखादी पीओपीची निघतेच. त्या घरच्या माणसांना दोष देऊन काय होणार? त्यांना अमोनियाचं पाकीट द्यावं आणि गच्ची मोकळी करून द्यावी.

तिसरी गोष्ट पिवळ्या रंगाची, आणि इथे माझं हसू थांबलं. पीतांबराचा तो झळझळीत पिवळा कशाने येतो हे मी शोधत होतो. स्वस्त रंगांमधला एक जुना पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, शिसं आणि क्रोमियम यांचं संयुग. त्याची माहिती काढायला गेलो आणि समोर आली हळद. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना हाच रंग चोळत असत. १९८०च्या दशकात पुरामुळे हळद ओली, काळपट झाली, ती गिऱ्हाइकाला पिवळीधमक दिसावी म्हणून ही युक्ती सुरू झाली आणि पुढे रूढ झाली. गरोदर बायांच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा माग काढत संशोधक या हळदीपर्यंत पोचले. २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. सरकारने गिरण्यांवर धाडी घातल्या, बाजारात पत्रकं लावली, दंड केले. २०२१ साली तोच आकडा शून्यावर आला.

मंडळी, शिशाचं असं आहे की त्याचं 'एवढं चालतं' असं प्रमाणच नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. सगळ्यात जास्त इजा लहान मुलांच्या मेंदूला होते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग, हा नियम २०१७ पासून लागू आहे. पण मूर्ती कुठल्या डब्यातल्या रंगाने रंगवली, हे आपल्यापैकी कोण विचारतो? आपण विचारतो, 'डोळे छान काढलेत ना?' यापुढे मूर्ती ठरवताना मंडळाने रंगाचाही प्रश्न विचारावा आणि नैसर्गिक रंगाचा आग्रह धरावा. बांगलादेशातल्या बाजाराला दोन वर्षांत जमलं, ते आपल्याला एका मूर्तिकाराशी बोलून जमायला हरकत नसावी.

आता चौथी गोष्ट. आज मला मुख्यतः हीच सांगायची आहे. ही आहे दुधाची.

पाण्यात काही सडू लागलं की ते पाण्यातला प्राणवायू खातं. किती खातं, ते मोजता येतं. घरगुती सांडपाण्याला लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आणि एक लिटर दुधाला? साधारण एक लाख मिलिग्रॅम! म्हणजे लिटरभर दूध तळ्यात ओतणं हे, प्राणवायूच्या हिशेबाने, चारशेएक लिटर गटाराचं पाणी ओतण्यासारखं आहे. मघाशी सांगितलेले सात-आठ मिलिग्रॅम आठवा. एक लिटर दूध पुरतं कुजलं, तर बारा-तेरा हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपतो. आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो मोठा टँकर असतो ना, तेवढं पाणी.

दुधासारखी पवित्र गोष्ट आणि तिची तुलना गटाराशी? मलाही ते लिहिताना जड गेलं. पण मासा पावित्र्यावर जगत नाही, प्राणवायूवर जगतो. आपण विसर्जनाला काय काय पाण्यात सोडतो ते मनात आणा. पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर. शिदोरीचे दहीपोहे. फुलं, दूर्वा, पत्री. सगळं आपण भक्तीने देतो, आणि सगळं तळाशी जाऊन कुजतं.

इथे काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या दिसू लागल्या आहेत. "म्हणजे बाप्पाला शिदोरी द्यायची नाही? उपाशी पाठवायचं?" अजिबात नाही. बऱ्याच घरांत शिदोरी मूर्तीच्या हाताशी ठेवतात, आरती होते आणि मग तेच दहीपोहे, तीच वाटली डाळ सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटतात. शिदोरी बाप्पाने घेतली म्हणजेच आपण सगळ्यांनी खाल्ली. मला तरी यात काही कमी वाटत नाही.

पण मी हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, की तळं मरतं ते आपल्या दहा दिवसांमुळे नाही. आपलं बेळ्ळंदूरचं तळं आठवा. मे २०१५ मध्ये त्याच्यावरच्या फेसाला आग लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा. जानेवारी २०१८ मध्ये तर आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. पाण्याला आग! ती काही विसर्जनाने लागली नाही. वर्षभर येणारं सांडपाणी, साबणाचा फेस, त्यावर माजलेलं रान आणि कचरा, यांची ती करणी. आणि ते सांडपाणी येतं कुठून? आपल्या बाजूच्या सगळ्या घरांचं पाणी कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातून तिकडेच उतरतं. कालच्या भांड्यांचं खरकटं, कढईत उरलेलं तळणीचं तेल, फाटलं म्हणून बेसिनमध्ये ओतलेलं दूध, सगळं तिकडेच.

म्हणजे सौ.च्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भाषण तळ्यावर आहे की खाण्यावर? दोन्ही एकच आहे. मधे फक्त एक पाइप आहे.

आणि तो पाइप तळ्यापाशी संपत नाही. बेळ्ळंदूरचं पाणी वर्तूरला जातं, तिथून दक्षिण पिनाकिनी नदीने तामिळनाडूत कृष्णगिरीच्या धरणाकडे. शिवाय २०१८ पासून याच खोऱ्यातलं सांडपाणी, प्रक्रिया करून, कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तळ्यांत सोडलं जातं, भूजल वाढावं म्हणून. कोलारच्या शेतकऱ्यांना पाणी मिळालं, ही चांगलीच गोष्ट. पण ती प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यापर्यंतची आहे, त्यातून सगळंच काही निघून जात नाही, अशी तिथल्या लोकांची काळजीही आहे. आणि कोलार कशासाठी प्रसिद्ध आहे? टोमॅटोसाठी. आपल्या बाजारातला टोमॅटो बहुतेक तिथलाच. तेव्हा आपण मोरीत जे ओततो, ते कधीतरी आपल्याच सारात परत येऊ शकतं. यात शिसं असो, तेल असो, साबण असो.

यावर उपाय काय? मोठे उपाय सरकारचे. ते त्यांनी करावेत आणि आपण मागत राहावेत. आपल्या हातातले चार उपाय मी येत्या सर्वसाधारण सभेसाठी लिहून दिले आहेत.

एक, शिदोरी आणि पंचामृत पाण्यात जाणार नाही. प्रसाद आणि तीर्थ म्हणून वाटलं जाईल. निर्माल्य बागेतल्या खड्ड्यात जाईल आणि खत होऊन आपल्याच जास्वंदीला मिळेल.

दोन, मातीच्या मूर्तीचं विसर्जन तळ्यात न करता कल्याणीत किंवा वसाहतीतल्या हौदात होईल. पीओपीची मूर्ती निघालीच तर गच्चीत अमोनियाची बादली आहे.

तीन, महाप्रसादाची नावं आदल्या संध्याकाळपर्यंत नोंदवायची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की भारतात घराघरातून दर माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. आपण 'दोनशे येतील' म्हणून अडीचशेंचं करतो आणि दीडशे येतात. उरलेला मसालेभात रात्री अकराला कुणाला द्यायचा, याची धावपळ आपल्या स्वयंसेवकांनी दर वर्षी केली आहे. त्यांना यंदा ती सुट्टी द्या.

चार, आनंदमेळ्यातल्या बटाटेवड्यांचं आणि तळणीच्या मोदकांचं उरलेलं तेल डब्यात साठवायचं. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली आहे. तेल गोळा करणारे लोक आहेत, त्यांना बोलवायचं. आणि घरी? ताट-कढई विसळण्याआधी रद्दी कागदाने पुसून घ्यायची. एवढंच. हे काम वहिनींवर न टाकता पुरुष मंडळींनीही करावं, असं मी सुचवतो. लेथवरचं ऑइल पुसायची सवय आपल्याला आहेच.

मंडळी, आपण महाराष्ट्रातून या गावात आलो. इथल्या पाण्यावर आपली मुलं वाढली, कन्नड बोलायला लागली, इथलीच झाली. या गावाच्या तळ्यांचं आपण काही देणं लागतो, आणि ते देणं फेडण्याची जागा तळ्याच्या काठापेक्षा आपल्या ओट्याशी जवळ आहे. सभेत ठरावावर हात वर करताना एवढं मनात असू द्या.

माझी पंचवीस मिनिटं झाली. बालगोपाळांचा अंत आणखी पाहत नाही. आरतीला उभे राहू या.

गणपती बाप्पा मोरया!